‘माणूस असणं म्हणजे काय’ हा विषय वाचनगटात कसा घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधल्या एका सोसायटीत बारा-तेरा जणांचा वाचनगट आहे, निम्मे निवृत्त, निम्मे नोकरी करणारे. पुढचं वर्षभर ‘माणूस असणं म्हणजे काय’ हा एकच धागा धरून मराठी साहित्य वाचायचं ठरलंय. याआधी एकदा प्रयत्न झाला, पण दर वेळी अर्ध्या तासात चर्चेचं प्रवचन व्हायचं, पुस्तक बाजूला राहायचं आणि ‘शेवटी माणुसकी महत्त्वाची’ यावर एकमत होऊन मंडळी चहाला उठायची. कोणती पुस्तकं घ्यावीत, किती पानं, कोणत्या क्रमाने, आणि चर्चा पानावर कशी टिकवावी?

पहिलं काम म्हणजे विषय फलकावरून पुसून टाका. वर्षाचं नाव म्हणून तो खुशाल ठेवा, पण बैठकीत तो प्रश्न कोणी विचारायचा नाही. ‘माणूस म्हणजे काय’ असं थेट विचारलं की प्रत्येकाजवळ उत्तर तयार असतं: गीतेतलं, विवेकानंदांचं, व्हॉट्सॲपवरचं. तयार उत्तर असलेल्या माणसाला गोष्ट वाचायची गरजच पडत नाही. चांगली गोष्ट, चांगलं नाटक हे उत्तर देतही नाही. ते एक प्रसंग समोर ठेवतं आणि त्या प्रसंगात कोण कोणाला माणसात धरतंय, कोणाला वगळतंय, हे दाखवतं. म्हणून मोठ्या प्रश्नाऐवजी तीन लहान प्रश्न हाताशी ठेवा: इथे कोणाला माणसात धरलेलं नाही? हे कोणी ठरवलं? आणि ज्याने ठरवलं तो पानावर दिसतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक गटांत विचारला जात नाही.

आता बैठकीची घडी. आठ ते बारा जण ही योग्य संख्या. चौदाच्या वर गेलात की दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. सहाच्या खाली गेलात की एक जण आजारी पडला तरी बैठक कोसळते. वेळ दोन तास, त्याहून जास्त नको. महिन्यातून एकदा भेटत असाल तर एका बैठकीला दहा ते पंधरा पानांची कथा किंवा पुस्तकातली साठ-सत्तर पानं पुरतात. दीडशे पानं दिलीत तर निम्मे लोक न वाचता येतील, आणि न वाचलेला माणूस गप्प बसत नाही, तो विषयावर बोलतो. प्रवचन सुरू होतं ते इथून. अलीकडे त्यात भर म्हणून काही जण एआयकडून सारांश काढून आणतात. सारांशात घटना असतात, पण लेखकाने काय आधी सांगितलं, काय लपवलं आणि काय नुसतं एका ओळीत उरकलं हे त्यात नसतं. आपल्याला लागणारा माल नेमका तोच असतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे बैठकीत मोठ्याने वाचन. दोन तासांतली पहिली पंचवीस ते तीस मिनिटं त्यालाच द्या. मराठी गद्य घाई न करता वाचलं तर नेहमीच्या आकाराच्या पानाला दोन-अडीच मिनिटं लागतात, म्हणजे दहा-बारा पानं होतात. एकाच माणसाने वाचू नये. दर दोन पानांनी वाचणारा बदला. त्यानंतर दहा मिनिटं पूर्ण शांतता: प्रत्येकाने हातात पेन्सिल घेऊन दोन जागांवर खूण करायची. एक जागा जिथे आपण अडखळलो, दुसरी जिथे आपलं पात्राबद्दलचं मत हललं. ही दहा मिनिटं लोकांना फार जड जातात, पहिल्या दोन-तीन बैठकांत कोणीतरी हमखास बोलायला सुरुवात करतं. तरी ती सोडू नका, कारण पुढची सगळी चर्चा या खुणांवर उभी राहते. मग पन्नास मिनिटं फक्त खूण केलेल्या जागांवर बोलणं, शेवटची वीस मिनिटं मोकळी. त्या वीस मिनिटांत अनुभव, आठवणी, तत्त्वज्ञान, काय हवं ते येऊ दे. तोवर सगळे पानावर राबलेले असतात, त्यामुळे तेही बरं येतं.

मजकुराची प्रत देणार असाल तर ए-फोर कागद, सोळा पॉइंटचा टाइप, उजवीकडे दोन इंचांचा समास आणि दर पाचव्या ओळीला आकडा. ‘तिसऱ्या पानावर विसावी ओळ’ असं म्हणता आलं की वाद निम्मा कमी होतो. मात्र प्रती काढण्याआधी हक्कांचं बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी (१९५०), मर्ढेकर (१९५६) आता मोकळे आहेत. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत, पुस्तकच घ्या. बारा जणांत सहा प्रती असल्या तरी भागतं, दोघांत एक. अप्पा बळवंत चौकात चक्कर मारली तर बहुतेक पुस्तकं मिळून जातात. पुणे नगर वाचन मंदिर, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय किंवा टिळक रस्त्यावरची साहित्य परिषद इथून एखाद-दुसरी प्रत मिळेल, पण पूर्ण गटाची गरज ग्रंथालयावर टाकू नका. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, तिथे आधी शोधा.

क्रमाबद्दल माझं ठाम मत आहे: संतांपासून सुरू करू नका. ‘जे का रंजले गांजले’ किंवा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ पहिल्या बैठकीला घेतलंत तर पुण्यात त्याला विरोध करणारा माणूस सापडणार नाही. सगळ्यांना ते पाठ असतं, सगळ्यांना ते पटलेलं असतं, आणि एकमत झालं की वाचण्यासारखं काही उरत नाही. चोखोबांची ओळ किती टोकदार आहे हे कळायला आधी बाकीचं वर्ष जावं लागतं. संत शेवटी घ्या. तसंच ‘नटसम्राट’ पहिल्या वर्षी टाळा. नाटक थोर आहे, पण गटातला कोणीतरी उभा राहून स्वगत म्हणतो, बाकीचे टाळ्या वाजवतात आणि बैठक तिथेच संपते. जी. ए. कुलकर्णींच्या दीर्घ रूपककथाही दुसऱ्या वर्षासाठी राखा. मुरलेल्या गटाला त्या भरपूर देतात, नव्या गटाला हवेत उडवतात.

सुरुवात अण्णा भाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेने करा. लहान आहे, एका बसणीत वाचून होते, आणि कोणालाही स्वस्थ बसू देत नाही. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो, दगडाच्या खाणीत काम करतो, खाण बंद पडते. एके दिवशी स्मशानातल्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि त्याला धंदा मिळतो: आधी राख चाळणं, मग पुरलेली प्रेतं उकरणं. एका रात्री ताज्या मढ्यासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. शेवटी प्रेताच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं जबड्यात अडकतात, दोन बोटं कापावी लागतात, आणि नेमकी तेव्हाच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली.

इथे गट कुठे घसरतो ते आधीच सांगतो. वाचन संपताच कोणीतरी म्हणतं, ‘गरिबी माणसाचं जनावर करते.’ सगळे माना हलवतात. वाक्य चुकीचं नाही, पण ते वाक्य कथेवर झाकण घालतं. अशा वेळी वाद घालू नका, ओळ मागा: भीमा जनावर झाला हे कोणत्या ओळीवरून म्हणता? मग कोल्ह्यांच्या झुंजीचं पान पुन्हा उघडायला लावा. निळ्या पेन्सिलने कोल्ह्यांची क्रियापदं, लाल पेन्सिलने भीमाची. पंधरा मिनिटांचं काम आहे. दोन रंग कुठे एकमेकांत मिसळतात आणि कुठे वेगळे राहतात हे कागदावर दिसतं. मग विचारा की कोल्हा जे करत नाही असं भीमा काय करतो. तो हिशेब करतो. कोणाच्या घरी मयत झालं, श्रीमंताचं की गरिबाचं, याची खबर ठेवतो. मिळालेलं सोनं बाजारात नेऊन विकतो. घरी बायको आहे, लेक आहे, त्यांच्या पोटाला घालतो. स्मशानातही तो कष्टकऱ्याचंच काम करतो, खाणीतली ताकद आणि शिस्त लावून. म्हणजे त्याला जनावर म्हणावं असं पान शोधायला गेलं तर उलट माणसाचं वर्तनच सापडत जातं, आणि कथा भयानक होते ती त्यामुळे.

मग तिसरा प्रश्न. खाण कोणी बंद केली? का केली? पुन्हा का सुरू केली? त्या माणसाला कथेत चेहरा नाही. भीमाचं सगळं वर-खाली त्याच्या निर्णयावर होतं आणि वाचताना आपण सगळा वेळ भीमाला तपासत बसतो. हे गटाच्या लक्षात आलं की पहिली बैठक कामी आली समजा. यासाठी सूत्रधाराने, म्हणजे त्या दिवशी बैठक चालवणाऱ्याने, स्वतः उत्तर सांगायचं नाही. फक्त ‘खाण बंद पडली’ हे वाक्य मोठ्याने वाचायला लावायचं आणि विचारायचं, ‘पडली की पाडली?’ दोन मिनिटं शांतता झाली तरी चालेल.

दुसऱ्या बैठकीला १८५५ मध्ये या. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. मजकूर चार-पाच पानांचा, त्यामुळे दोनदा वाचता येतो आणि दोनदाच वाचावा. ती सरळ तर्क चालवते: वेद आमचेच, तुम्ही पाहायचेही नाहीत, असं जे म्हणतात त्यांच्याच म्हणण्यावरून आम्हाला धर्मपुस्तक नाही हे सिद्ध होतं, मग आमचा धर्म कोणता, तो देवानेच आम्हाला कळवावा. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यापुढून गेलेल्या मांग-महाराचं शिर गुलटेकडीच्या मैदानात चेंडू म्हणून वापरलं जाई, असं ती लिहिते. आज मार्केट यार्डात भाजी घ्यायला जाणाऱ्या माणसाला ते मैदान कुठे हे सांगावं लागत नाही.

या बैठकीत दोन बिघाड होतात. एक, निबंध बाजूला राहून पेशवाईवर भांडण जुंपतं. ते मोकळ्या वीस मिनिटांत ढकला, आधी नाही. दुसरा बिघाड जास्त घातक, कारण तो कौतुकाच्या रूपाने येतो: ‘त्या काळी, त्या वयात, त्या मुलीने इतकं लिहिलं!’ कौतुक झालं की तिने विचारलेला प्रश्न उत्तराविना राहतो. म्हणून नियम करा की वय आणि काळ यांचा उल्लेख पहिला एक तास करायचा नाही. बरोबरीच्या माणसाशी वाद घालावा तसा तिच्या तर्काशी वाद घाला. तिचं कोणतं वाक्य खोडता येतं, ते शोधा. शोधून सापडत नाही.

तिसरी आणि चौथी बैठक जोडीने आखा, मध्ये दुसरं काही घालू नका. तिसरीला ताराबाई शिंदे यांची १८८२ मध्ये पुण्यात छापलेली ‘स्त्रीपुरुष तुलना’, चौथीला विजय तेंडुलकरांचं १९६७ चं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. ताराबाई बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, तिला आधी फाशी सुनावली गेली, अपिलात ती शिक्षा कमी झाली, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्या स्त्रीजातीवर झोड उठली. त्या रागातून हे पुस्तक आलं. पंच्याऐंशी वर्षांनी तेंडुलकर एका हौशी नाटकमंडळीला खेळ म्हणून खटला मांडायला लावतात. आरोपी शिक्षिका लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा, आणि खेळाखेळात तिचं खरं आयुष्य टेबलावर येतं. दोन बैठकांमध्ये फक्त महिन्याचं अंतर असलं की या दोन्ही पुस्तकांत एकच खटला चालू आहे हे कोणी न सांगता कळतं.

ताराबाईंची भाषा सुरुवातीला दमवते: लांब वाक्यं, विरामचिन्हं कमी, बोलीचा धबधबा. मनात वाचलं तर माणूस तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. मोठ्याने, भांडणाच्या सुरात वाचा, लगेच मोकळं होतं. पूर्ण पुस्तक बैठकीत घेऊ नका. वीस-पंचवीस पानं निवडा, ज्यात त्या बायकांवर लावले जाणारे दोष एकेक घेऊन तेच पुरुषांत दाखवतात.

नाटकासाठी सगळ्यांनी तिन्ही अंक घरून वाचून यायचं आणि बैठकीत फक्त तिसरा अंक वाचायचा. बेणारे, सामंत, काशीकर, सौ. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे अशा आठ भूमिका आणि रंगसूचना वाचणारा नववा. बेणारेची भूमिका गटातल्या उत्तम अभिनय करणाऱ्या बाईंना देऊ नका, नाहीतर शेवटच्या स्वगतावर सगळे भारावतात आणि बोलणं बंद पडतं. साध्या आवाजात वाचणारी व्यक्ती निवडा. आणि घरून येताना एक काम द्या: ‘खेळ आता खेळ राहिला नाही’ असं ज्या ओळीला वाटलं, त्या ओळीचा पान-क्रमांक चिठ्ठीवर लिहून आणायचा, आधी कोणाला सांगायचा नाही. चिठ्ठ्या फळ्यावर मांडल्या की एकाचा क्रमांक पहिल्या अंकातला निघतो, एकाचा अगदी शेवटचा. ही तफावत म्हणजे त्या दिवसाची चर्चा. ज्याला उशिरा जाणवलं त्याला ‘तुम्हाला इतका वेळ काय मजेशीर वाटत होतं?’ असं विचारावं लागतं, तेव्हा जरा सांभाळून, कारण प्रश्न बोचणारा आहे. पण नाटक प्रेक्षकाला हेच विचारतं.

तिसरा प्रश्न इथे पुन्हा घ्या. ज्यांच्यामुळे हे सगळं घडलं ते प्राध्यापक दामले साऱ्या नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाहीत. साक्षीसाठी त्यांच्या नावाचा पुकारा होतो, तेवढाच. खाणीचा मालक आणि दामले एकाच रांगेत बसवता आले, की गटाला आपला धागा सापडतो.

पाचवी बैठक कवितेची: बहिणाबाई आणि मर्ढेकर. हिला फार तयारी लागत नाही. बहिणाबाईंची ‘मानसा मानसा, कधी व्हशीन मानूस’ ही ओळ सगळ्यांच्या तोंडी असते, पण पूर्ण कविता थोड्यांनीच वाचलेली असते. गोठ्यातल्या गुरांपासून प्रत्येक जनावराशी तुलना करत ती माणसाला हरवत जाते, आणि ते जनावरांचं वर्णन शेतकरणीच्या नजरेचं, अचूक आहे. खानदेशी बोली येणारा कोणी असेल तर त्यालाच वाचू द्या, उच्चार सुधारत बसू नका. मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ तीनदा, तीन वेगळ्या आवाजांत. ‘उंदीर म्हणजे कामगार’ असा अर्थ पहिल्या पाच मिनिटांत कोणी लावला तर त्याला पाच मिनिटं थांबवा आणि कवितेत उंदरांचं नेमकं काय काय झालंय एवढंच सांगायला लावा.

सहावी आणि सातवी बैठक इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ला द्या, आणि इथे घाई करू नका. या पुस्तकाची जागा पुण्यात आहे. कर्वे डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवत. माणसांची मापं घेणं, नातेसंबंधांच्या पद्धती नोंदवणं हा त्यांचा व्यवसाय. भांडारकर संस्थेत १९१९ पासून चाललेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं (निरनिराळ्या हस्तलिखितांची तुलना करून सिद्ध केलेल्या पाठाचं) काम १९६६ मध्ये पुरं झालं, आणि ‘युगान्त’ १९६७ चं. महाभारतातल्या व्यक्तींना देवत्व, अवतार, शाप-वर यांच्या टेकूशिवाय उभं केलं तर त्या कशा दिसतात, हे त्या एकेका लेखात पाहतात.

सहाव्या बैठकीला ‘गांधारी’ किंवा ‘कुंती’, सातव्या बैठकीला ‘मयसभा’. ‘कर्ण’ टाळा. मराठी वाचकाच्या मनात कर्णाची मूर्ती कादंबऱ्यांनी आधीच घडवलेली असते. लेख वाचण्याऐवजी लोक त्या मूर्तीचा बचाव करतात.

‘मयसभा’ मात्र सोडूच नये. त्यात खांडववनाचं दहन आहे. आपण लहानपणी ऐकलेलं असतं की अग्नीला अजीर्ण झालं होतं, त्याला वन खायचं होतं, कृष्ण-अर्जुनांनी मदत केली. कर्वे या प्रसंगाकडे जमीन मिळवण्यासाठी केलेला संहार म्हणून बघतात. चारी बाजूंनी आग, आणि पळणाऱ्या प्रत्येक जीवाला मारायला दोघे वीर रथात. महाभारताच्याच हिशेबाने वाचले सहा: तक्षक नागाचा मुलगा अश्वसेन, मय दानव, आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. गटाला हा आकडा आधी सांगू नका; ‘कोण वाचलं, याची यादी करा’ एवढंच म्हणा. यादी झाली की विचारा, मय का वाचला? शरण आला म्हणून वाचला, आणि मग त्याने पांडवांना सभा बांधून दिली. उपयोगी पडला. बाकीच्यांची नावंही नाहीत. माणसात धरण्याची अट काय, हे इतकं उघडं करून दाखवणारं दुसरं पान मला माहीत नाही. कोणाला धरायचं हे ठरवणारे इथे नायकच आहेत आणि ते पूर्ण उजेडात उभे आहेत. तरी आपल्याला ते इतकी वर्षं दिसले नव्हते. इथे कोणी दुखावलं जाण्याची शक्यता असते. दुखावलेल्या माणसाला गप्प करू नका आणि समजूतही काढू नका. त्याला आदिपर्वातला तोच भाग आणून पुढच्या बैठकीत दहा मिनिटं वाचायला सांगा. मूळ समोर आलं की आवाज आपोआप खाली येतो.

आठवीला भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३). पूर्ण कादंबरी दोन महिन्यांत वाचायला द्या, बैठकीत मात्र फक्त धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते तो भाग घ्या. पुण्यातल्या गटाचा इथला ठरलेला घोटाळा म्हणजे होस्टेल, मेस, जुनं पुणं यांच्या आठवणी. त्या मोकळ्या वेळेत. मनीच्या भागात बघायचं ते हे, की एरवी सगळ्या जगाची टर उडवणारा पांडुरंग सांगवीकर इथे कोणत्या भाषेत बोलतो, वाक्यं कुठे लहान होतात, काय तो पुन्हा पुन्हा म्हणतो. नवव्या बैठकीला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. हिच्यासाठी वेगळ्या सूचना लागत नाहीत, वाचा आणि गाव दुष्काळात कसं रिकामं होतं ते बघा. नंतरच्या बैठकीवर मात्र मेहनत घ्या.

दहावी बैठक बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ची. हे आधी ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं. दलित आत्मकथनाची बैठक बहुतेक गटांत दयेने बिघडते: ‘किती भोगलं हो’, ‘वाचवत नाही’. दया दाखवणारा वरच्या पायरीवर उभा असतो आणि तिथून पान नीट दिसत नाही. या दिवशी ‘भयंकर’, ‘विदारक’, ‘हृदयद्रावक’ असली विशेषणं बंद ठेवा. काय घडलं ते नामं आणि क्रियापदं वापरून सांगायचं. दुसरं, बेबीताईंनी विनोद कुठे केलाय त्या जागा शोधायला लावा, त्या भरपूर आहेत. तिसरं, ज्यांना गावाने माणसात धरलं नाही त्यांच्याच घरात कोवळ्या सुनांचं काय चालतं, हे त्या लपवत नाहीत. ती पानं गटातले सवर्ण वाचक ‘बघा, त्यांच्यातही आहेच’ म्हणून वापरतील. तेव्हा विचारा, हे लिहायचं धाडस त्या कोणाविरुद्ध करतायत? आपल्याच माणसांचा हिशेब आपणच मांडणं हे पूर्ण वर्षाच्या यादीत या एकाच पुस्तकात आहे.

अकरावीला संत. चोखामेळा, जनाबाई, तुकाराम, प्रत्येकी दोन अभंग, जास्त नकोत. श्रावणात सुरू केलंत आणि गणपती-दिवाळीतही महिना चुकवला नाहीत, तर ही बैठक ज्येष्ठात, पालख्या पुण्यात यायच्या सुमारास पडते. आता ‘काय भुललासी वरलिया रंगा’ ही ओळ कोणाला उद्देशून आहे असं विचारा. वर्षाच्या सुरुवातीला सगळे म्हणाले असते ‘जगाला’. आता खाणीचा मालक, दामले, रथातले वीर अशी नावं येतील, आणि एखादा म्हणेल, आपल्याला.

राहता राहिला सूत्रधार. प्रत्येक बैठकीला वेगळा नेमा, पण निवृत्त प्राध्यापक असतील त्यांना पहिल्या चार बैठका सूत्रधार करू नका. त्यांना लेखकाचा काळ आणि चरित्र यावर पाच मिनिटं द्या, घड्याळ लावून, आणि तीही वाचन झाल्यावर. सूत्रधाराने तीन प्रश्न लिहून आणायचे, तिन्हींचं उत्तर पानावर बोट ठेवून देता आलं पाहिजे. ‘भीमा चांगला की वाईट’ असला प्रश्न बाद. गटात सतत गप्प बसणारे दोघे-तिघे असतातच. त्यांना ‘तुम्ही बोला ना’ असं म्हणू नका. त्यांनी पेन्सिलने खूण केलेली ओळ फक्त मोठ्याने वाचायला सांगा, कारण विचारू नका. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत त्यातला एक तरी ओळ वाचून झाल्यावर स्वतःहून पुढचं वाक्य बोलतो.